लॅन आणि वॅन यांतील फरक : पाठ्यपुस्तकी तक्त्याची समीक्षा

१. प्रास्ताविक

'लॅन आणि वॅन यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न पदवी परीक्षेत हमखास येतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. दोन रकाने आखायचे, डावीकडे लॅन, उजवीकडे वॅन, आणि खाली पाच-सहा ओळी लिहायच्या: लॅनचा विस्तार कमी, वॅनचा जास्त, लॅनचा वेग जास्त, वॅनचा कमी, लॅन खाजगी, वॅन सार्वजनिक, लॅनची उभारणी स्वस्त, वॅनची महाग, लॅन सुरक्षित, वॅन असुरक्षित. विद्यार्थी हा तक्ता पाठ करतात, परीक्षक गुण देतात आणि विषय तिथेच संपतो.

प्रस्तुत टिपणात या तक्त्याची तपासणी केली आहे. तक्ता सरसकट चुकीचा आहे असे म्हणायचे नाही. तो एका काळी मोजून काढलेल्या फरकांचा सारांश होता. पुढे मोजमापे बदलली, त्यामागची कारणे गळून पडली आणि नुसत्या ओळी उरल्या. कारण माहीत नसलेली ओळ परीक्षेत चालून जाते, पण प्रत्यक्ष जाळे उभारताना किंवा त्यावर चालणारी प्रणाली लिहिताना तीच ओळ चुकीचा निर्णय घ्यायला लावते. म्हणून प्रत्येक ओळ एका प्रत्यक्ष ठिकाणी लावून पाहू.

ते ठिकाण म्हणून तंजावर घेऊ. तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळात सुरू झालेला हा संग्रह भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी वाढवला. तेथे संस्कृत, तमिळ व तेलुगू ग्रंथांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांची मोठी दप्तरे आहेत. हे वाचू इच्छिणारा अभ्यासक राजवाड्यातल्याच वाचनकक्षात बसलेला असू शकतो किंवा पुण्यात. पहिला लॅनवरून वाचील, दुसरा वॅनवरून. त्या दोघांच्या अनुभवात नेमका फरक कशाने पडतो, हा आपला प्रश्न आहे. (ग्रंथालयाचे आणि इतर संस्थांचे जाळे पुढील उदाहरणांत केवळ विवेचनासाठी कल्पिले आहे.)

२. तक्ता आला कुठून

लॅनचे आजचे प्रमुख तंत्र म्हणजे इथरनेट. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ पासून त्यावर काम सुरू झाले. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७६ मध्ये त्याविषयीचा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्यांनी अंतर आणि वेग या दोन मापांवर जाळ्यांची विभागणी केली आहे. दहा किलोमीटरहून जास्त अंतर आणि सेकंदाला ०.१ मेगाबिटहून कमी वेग असेल तर दूरस्थ जाळे, ०.१ ते १० किलोमीटर अंतर आणि ०.१ ते १० मेगाबिट वेग असेल तर स्थानिक जाळे. त्याहून जवळ आणि त्याहून वेगवान असेल तर बहुप्रक्रियक संगणक. आपल्या तक्त्याच्या पहिल्या दोन ओळींचे मूळ अशा मापांत आहे.

ही मापे त्या काळाला अनुरूप होती. भारतातला अनुभवही तोच होता. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईचे एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी सहभागी होत्या. १९८९ मध्ये एनसीएसटीपासून अमेरिकेपर्यंत जी भाड्याची वाहिनी घेतली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. त्याच काळातल्या इथरनेटचा वेग १ कोटी बिट, म्हणजे हजारपटींहून जास्त. हस्तलिखिताच्या एका पानाचे ५० मेगाबाइटचे छायाचित्र घेतले तर ते इथरनेटवरून सुमारे ४० सेकंदांत जाईल आणि त्या वाहिनीवरून साडेअकरा तासांहून अधिक वेळ लागेल. अशा परिस्थितीत 'लॅन वेगवान, वॅन मंद' असे लिहिणाऱ्याचे काहीच चुकले नव्हते.

आज मात्र १९७६ ची मापे लावली तर घरी आलेली १०० मेगाबिटची फायबर जोडणी 'बहुप्रक्रियक संगणका'च्या वर्गात जाईल! हा विनोद नाही. ज्या मापाची सीमा काळाबरोबर सरकते, ते माप व्याख्येचा आधार होऊ शकत नाही, एवढेच यातून दिसते.

३. पहिली ओळ : विस्तार

लॅनचा विस्तार एक-दोन किलोमीटरपर्यंत, असे पुस्तके सांगतात. हा आकडा कुठून आला?

सुरुवातीच्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच केबलवर जोडलेले असत. दोघांनी एकदम पाठवले तर संदेशांची टक्कर होई. टक्कर झाली हे पाठवणाऱ्याला कळण्यासाठी एक अट होती: केबलच्या दुसऱ्या टोकाला टक्कर झाल्याची खूण परत येईपर्यंत त्याचे पाठवणे चालू असले पाहिजे. इथरनेटचा सर्वांत लहान संदेश ६४ बाइट, म्हणजे ५१२ बिट. सेकंदाला १ कोटी बिट या वेगाने तो पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात संकेताने जाऊन परत यायचे. केबलमध्ये संकेताचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन सुमारे १० किलोमीटर, म्हणजे एका दिशेला ५ किलोमीटर होतात. वाटेतल्या रिपीटरना लागणारा वेळ वजा करून आणि थोडी सावधगिरी राखून मर्यादा २.५ किलोमीटरची ठरली.

म्हणजे ही मर्यादा टक्कर ओळखण्याच्या पद्धतीतून आली होती. पुढे स्विच आले, दोन्ही दिशांना एकाच वेळी वाहतूक होऊ लागली आणि टक्कर उरलीच नाही. टक्कर गेली तशी त्या मर्यादेची गरजही गेली. तांब्याच्या जोडतारेला १०० मीटरची मर्यादा आजही आहे, पण फायबरवर १० गिगाबिट इथरनेटचा एक प्रकार सुमारे ४० किलोमीटरपर्यंत जातो.

तंजावर ते कुंभकोणम हे अंतर रस्त्याने साधारण तेवढेच आहे. समजा एखाद्या संस्थेने या दोन गावांतल्या आपल्या इमारती अशा फायबरने थेट जोडल्या. दोन्हीकडे तेच इथरनेट, तेच स्विच, मध्ये राउटर नाही. कुंभकोणमच्या संगणकाने सर्वांना उद्देशून केलेली हाक तंजावरच्या प्रत्येक यंत्राला ऐकू जाते. अंतर पाहिले तर हे लॅन नाही. रचना पाहिली तर लॅनच आहे.

आता उलटे उदाहरण. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने निकनेट उभारले आणि जिल्ह्यांची ठिकाणे लहान उपग्रह-स्थानकांनी जोडली. अशा प्रकारच्या जाळ्यात तंजावर शहरातच दोन कार्यालयांना दोन स्थानके दिली आहेत असे समजा. कार्यालये एकमेकांपासून दोन किलोमीटरवर आहेत. तरीही संदेशाला ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन तेवढेच खाली यायचे आहे. एका फेरीला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि वाहतूक मध्यवर्ती स्थानकामार्फत होत असेल तर त्याच्या दुप्पट. नकाशावर शेजारी असलेली ही दोन कार्यालये जाळ्यात फार दूर आहेत.

म्हणून विस्ताराची ओळ जशी लिहिली जाते तशी टिकत नाही. ती का लिहिली गेली हे अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पुस्तकात मात्र सापडते. त्यांनी जाळ्यांचे वर्गीकरण अंतरावरूनच केले आहे, पण कारणासहित. निरनिराळ्या अंतरांना निरनिराळी तंत्रे लागतात म्हणून अंतर महत्त्वाचे, असे ते म्हणतात. लॅनचा आकार मर्यादित असल्यामुळे संदेशाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल हे आधीच ठरवता येते, हेही त्यांनी नोंदवले आहे. आपल्याकडच्या टिपणांनी अंतराचा आकडा उचलला आणि वेळेचे कारण सोडून दिले. माझ्या मते या तक्त्याचा मुख्य दोष हाच आहे.

४. दुसरी ओळ : वेग

'वेग' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक, वाहिनीची क्षमता: सेकंदाला किती बिट जातात. दोन, विलंब: पहिला बिट पोहोचायला किती वेळ लागतो.

क्षमता पैशाने वाढवता येते. मार्च २०१० मध्ये मंजूर झालेल्या, ५,९९० कोटी रुपये खर्चाच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याचा कणाच अनेक गिगाबिट क्षमतेचा आखला होता. अशा वॅनची वाहिनी एखाद्या वसतिगृहातल्या गर्दीच्या वाय-फायपेक्षा, म्हणजे लॅनपेक्षा, कितीतरी जास्त क्षमतेची असते.

विलंब मात्र एका मर्यादेखाली पैशाने उतरत नाही. तंजावर ते पुणे सरळ रेषेत सुमारे १,०३० किलोमीटर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. त्यामुळे जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात फायबर सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत राउटर असतात, म्हणून हा आकडा आणखी मोठा असतो. राजवाड्याच्या आवारात हाच वेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास धरता येईल.

याचा परिणाम पाहू. समजा ग्रंथसूची दाखवणारी एक प्रणाली आहे. तिच्या एका पानावर ५० हस्तलिखिते दिसतात. लिहिणाऱ्याने प्रत्येक नोंदीसाठी शीर्षक, कर्ता आणि स्थिती अशा तीन वेगळ्या विचारणा सर्व्हरकडे पाठवल्या आहेत, आणि एकीचे उत्तर आल्यावरच दुसरी निघते. एकूण १५० विचारणा झाल्या. वाचनकक्षात प्रत्येकीला अर्धा मिलिसेकंद लागला तर पान ७५ मिलिसेकंदांत उघडते, कोणाला काही जाणवतही नाही. पुण्यातून प्रत्येक फेरीला ४० मिलिसेकंद धरले तर तेच पान ६ सेकंदांनी उघडते.

'वॅन मंद असते' एवढेच ज्याने पाठ केले आहे, तो यावर वाहिनीची क्षमता दुप्पट करायला सांगेल. संस्था पैसे भरेल आणि पान तरीही ६ सेकंदांनीच उघडेल, कारण विचारणा लहान आहेत. त्यांना रुंद रस्ता नको आहे, कमी फेऱ्या हव्या आहेत. ज्याला क्षमता आणि विलंब यांतला भेद माहीत आहे, तो १५० विचारणांची एक विचारणा करील आणि एक पैसाही न खर्चता प्रश्न सोडवील. तक्त्यातल्या एका ढोबळ शब्दाची किंमत अशी प्रत्यक्ष मोजावी लागते. एखाद्या लहान ग्रंथालयाला किंवा सरकारी कार्यालयाला ती परवडत नाही.

५. तिसरी ओळ : मालकी

'लॅन खाजगी, वॅन सार्वजनिक' या ओळीत वॅन म्हणजे इंटरनेट असा समज दडलेला आहे. इंटरनेट ही सर्वांत मोठी वॅन म्हणता येईल, पण प्रत्येक वॅन इंटरनेट नसते. एखाद्या बँकेची तंजावरमधली शाखा आणि मुंबईतले मुख्य कार्यालय भाड्याच्या वाहिनीने जोडलेले असते. ते जाळे वॅन आहे, पण त्यात बाहेरच्या कोणाला प्रवेश नाही.

काहींनी ही ओळ सुधारून 'वॅनमध्ये वाहिनी दुसऱ्याची असते' अशी लिहिली आहे. हे बरेच अचूक आहे आणि त्याला कायद्याचाही आधार होता. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने देशात तारयंत्रणा उभारण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला होता. इतरांना परवाना लागे. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार कायदा संमत झाला. आपल्या आवारात आपण हवी तितकी केबल टाकू शकतो. सार्वजनिक रस्ता ओलांडायचा झाला की परवानगीचा प्रश्न येतो आणि बहुतेक संस्था वाहिनी भाड्याने घेतात. व्यवहारात अनेकदा कुंपणाची भिंत हीच लॅनची सीमा ठरते, ती यामुळे.

पण यालाही अपवाद आहे. भारतीय रेल्वेकडे रुळांलगतची जमीन आहे. त्या जमिनीवरून गेलेल्या फायबरचा कारभार पाहण्यासाठी २००० मध्ये रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तंजावर जंक्शनपासून चेन्नईपर्यंत रेल्वेची वाहतूक अशा घरच्याच फायबरवरून गेली, तर जमीन, तार आणि वापर हे तिन्ही रेल्वेच्या घरचेच. तरीही त्या जाळ्याला कोणी लॅन म्हणणार नाही. तेव्हा मालकी हा चांगला निकष आहे, पण एकटा पुरेसा नाही.

६. चौथी ओळ : सुरक्षितता

ही ओळ मला सर्वांत घातक वाटते. 'लॅन सुरक्षित' असे शिकलेला विद्यार्थी उद्या एखाद्या कार्यालयाचे जाळे सांभाळायला बसतो. तो बाहेरच्या दारावर फायरवॉल लावतो आणि आतली यंत्रे एकमेकांना मोकळी सोडतो. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने याच समजाचा फायदा घेतला. विंडोजच्या फाइल-वाटप सेवेतल्या त्रुटीचा वापर करून ती एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत असे. ही सेवा बाहेरच्या जगासाठी बहुधा बंद असते, पण लॅनमध्ये सर्वांना खुली असते. एक यंत्र बाधित झाले की आतली बाकीची आपोआप तिच्या तावडीत सापडत.

याउलट वॅनवरचा संवाद परक्या तारांवरून जाणार हे आधीच माहीत असल्यामुळे तो सांकेतिक करून पाठवण्याची प्रथा पडली. म्हणून या ओळीत सुरक्षितता हा शब्द नकोच. 'लॅनमध्ये आतल्या यंत्रांवर विश्वास गृहीत धरला जातो, वॅनमध्ये तो सिद्ध करावा लागतो' असे लिहिले तर वस्तुस्थिती कळते आणि लॅनचा धोकाही त्याच वाक्यात दिसतो.

७. मग फरक कोणता

तक्ता मोडल्यावर त्या जागी काहीतरी ठेवले पाहिजे. माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न जोडणीचा. हे जाळे यंत्रांना जोडते की जाळ्यांना? लॅनमध्ये यंत्रे एकाच प्रक्षेपण-क्षेत्रात असतात. एकाने सर्वांना मारलेली हाक सर्वांना पोहोचते आणि पत्ता शोधण्याचे काम अशाच हाकेने होते. वॅन अनेक लॅन एकत्र आणते आणि मार्ग ठरवण्याचे काम राउटर करतात. रेल्वेचे जाळे वॅन का, याचे उत्तर इथे मिळते: ते स्थानकास्थानकांतली लॅन एकमेकांना जोडते.

दुसरा प्रश्न वेळेचा. एका फेरीला किती वेळ लागतो, आणि तो आधीच सांगता येतो का? अंतराला खरे महत्त्व आहे ते या प्रश्नात. किलोमीटर मोजण्यापेक्षा मिलिसेकंद मोजावेत.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. बिघाड झाला तर कोण दुरुस्त करणार? लॅनमध्ये आपणच शिडी लावून केबल बदलतो. वॅनमध्ये तक्रार नोंदवून बहुधा वाट पाहतो. जमीन कोणाची, तार कोणाची, नियम कोणाचे, हे सारे याच प्रश्नात येते.

बहुतेक जाळ्यांबाबत तिन्ही उत्तरे एकाच बाजूला पडतात, त्यामुळे लॅन व वॅन हे शब्द आजही उपयोगी आहेत. काही ठिकाणी उत्तरे फुटतात. वर कल्पिलेली तंजावर-कुंभकोणम जोडणी पहिल्या प्रश्नाला लॅन आहे. ४० किलोमीटरला जाऊन-येऊन ०.४ मिलिसेकंद लागतात, म्हणून दुसऱ्यालाही लॅनच. पण फायबर वाटेत कुठे तुटली तर संस्थेचा माणूस शिडी घेऊन जाऊ शकत नाही, म्हणून तिसऱ्याला ती वॅन आहे. असे उत्तर गोंधळाचे वाटेल, पण ते खरे आहे. शिवाय त्यातून संस्थेने काय तयारी ठेवावी हेही कळते: जाळ्याची रचना साधी ठेवावी आणि दुसऱ्या मार्गाची पर्यायी वाहिनी मात्र घेऊन ठेवावी.

माझ्या या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला सोपा तक्ताच हवा, अपवाद नंतर शिकवता येतात, असे अनेक शिक्षक म्हणतील. सोपेपणा हवा हे मान्य आहे. पण 'वेग' ऐवजी 'क्षमता' आणि 'विलंब' अशा दोन ओळी लिहिल्याने तक्ता कठीण होत नाही. 'सार्वजनिक' ऐवजी 'वाहिनी बहुधा भाड्याची' लिहायला दोनच शब्द जास्त लागतात. आणि अपवाद 'नंतर' शिकवायचे म्हटले तरी बहुतेक पदवीधरांच्या बाबतीत तो नंतरचा तास कधी होतच नाही.

८. परीक्षेसाठी सूचना

प्रश्नपत्रिका लगेच बदलणार नाही हे ध्यानात घेऊन एवढे करावे. रकाने आखावेत, पण प्रत्येक ओळीत 'कारण' असा तिसरा रकाना जोडावा. विस्तारापुढे टक्कर ओळखण्याची जुनी अट लिहावी, वेगापुढे क्षमता व विलंब वेगळे करावेत, मालकीपुढे सार्वजनिक रस्त्याचा मुद्दा मांडावा आणि सुरक्षिततेपुढे विश्वासाचा. शेवटी एक अपवाद द्यावा. असे उत्तर तपासणाऱ्याला ओळखीचे वाटेल आणि लिहिणाऱ्याला पुढे उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. आपल्या महाविद्यालयाचे जाळे वरील तीन प्रश्नांवर तपासा. कोणत्या प्रश्नाचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे येते?

२. प्रयोगशाळेतल्या शेजारच्या संगणकाला आणि दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या विद्यापीठाच्या संकेतस्थळाला पिंग करून फेरीचा वेळ नोंदवा. सरळ रेषेतल्या अंतरावरून काढलेल्या किमान वेळेशी तो ताडून पाहा. फरक का पडतो?

३. इथरनेटचा वेग १० वरून १०० मेगाबिट केला आणि सर्वांत लहान संदेश ६४ बाइटच ठेवला, तर टक्कर ओळखण्याच्या पद्धतीत कमाल अंतराचे काय होईल? गणिताने दाखवा.

४. विभाग ४ मधील ग्रंथसूचीच्या उदाहरणात १५० ऐवजी ३ विचारणा केल्या तर पुण्यातील वाचकाला किती वेळ थांबावे लागेल?